नल्लीतला कागद



माझ्या फुफीचे डोळे घारे आहेत. फुफी म्हणजे आत्या, वडिलांची थोरली बहीण. तिनं नव्वदी ओलांडली आहे. एका कानानं ऐकू येत नाही, पण त्या घाऱ्या डोळ्यांनी ती अजून सुईत दोरा ओवते. या डोळ्यांपायी तिनं आयुष्यभर एक टोमणा ऐकला. ‘मडमेची पोर.’

आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळच्या खाडीकाठी. आम्ही कोकणी मुसलमान. आजोबा, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, बोटीवर होते. त्या काळी खाडीकाठच्या घराघरांतला एक तरी पुरुष बोटीवर असायचा. कुणी खलाशी, कुणी टंडेल, नशीबवान असला तर सारंग. आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाई. दादांनी विलायतेच्या पलीकडे आयर्लंडात, बेलफास्ट शहरी, एका मडमेशी निकाह लावला. मडम बाळंतपणात गेली. दादा तान्ह्या मुलीला कापडात गुंडाळून बोटीवरून घेऊन आले, आणि आमच्या दादीनं तिला पदरात घेतलं. ती तान्ही मुलगी म्हणजे फुफी.

पुरावा काय? घारे डोळे, गोरा रंग आणि ते कापड. कापड अजून घरात आहे. पांढरं, जाड, थंड हाताचं, आणि कोपऱ्यात पुसट निळा इंग्रजी शिक्का: बेलफास्ट.

लहानपणी आम्हा मुलांना या गोष्टीचा अभिमान होता. शाळेत मी ती तिखटमीठ लावून सांगे. आपली आत्या आयरिश, हे काय थोडं झालं? पण जी गोष्ट आम्हाला दागिना वाटे, ती फुफीला काट्यासारखी होती. तिचं लग्न दोनदा ठरून मोडलं. सासरी भाजीत मीठ जास्त पडलं तरी ‘मडमेच्या पोरीला काय येणार’ हे ठरलेलं. आणि विचारायचं कुणाला? दादी वारली तेव्हा फुफी नऊ वर्षांची होती. दादा असेपर्यंत हे तोंडावर काढायची तिला लाज वाटली. बापाला असं विचारतात का?

नवरा वारल्यावर फुफी आमच्याकडे विठ्ठलवाडीला आली, ती इथलीच झाली. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेनं निघालं की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. आमच्या घरी गाडीचा आवाज ऐकून वेळ सांगता येते. रोज सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवतो. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस एक बातमी वाचली. आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावी आले. आई-वडील, बहिणी, लेकरं असा तीन पिढ्यांचा गोतावळा बरोबर. आजोबांचं घर पाहायला आले. ग्रामदेवतेच्या देवळात गेले, गावकऱ्यांनी ओवाळलं.

आयर्लंड हा शब्द ऐकून फुफी उठून बसली. मी तिला सगळं समजावलं. वडील अशोक वराडकर, मुंबईचे डॉक्टर, १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. तिथं त्यांची गाठ मिरियम नावाच्या परिचारिकेशी पडली. ती आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या डन्गार्वन गावची. मुलगा डब्लिनमध्ये जन्मला, डॉक्टर झाला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात काही काळ शिकाऊ डॉक्टर म्हणूनही राहिला, आणि जून २०१७ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा त्या पदावर आला आणि २०२४ मध्ये पायउतार झाला, पण ते नंतरचं.

फुफीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्याला आज्याचं घर गावलं. मला माझी मां गावेल का रे?”

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. दप्तरं चाळायची मला सवय नाही. पण म्हातारीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी हो म्हणालो.

सुरुवात आयर्लंडपासून केली, कारण मडम खरी असेल तर तिकडेच असणार. त्या देशात आपलं घराणं शोधणं हा लाखो लोकांचा ध्यास आहे. कारण साधं आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली, साधारण तेवढीच देश सोडून गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात पसरली आणि आता आजीच्या पेटीतली जपमाळ, एखादं पत्र, कुटुंबाच्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा घेऊन गाव शोधत येतात. काहींच्या वाटा तर आपल्याकडे येतात. १८३० च्या सुमारास ब्रिटिश फौजेतला दहातला चौथा शिपाई आयरिश होता. त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे आणि त्यांची दफनं मुंबई-पुण्याच्या चर्चमध्ये नोंदली गेली. त्या नोंदींच्या नकला लंडनला जात, आणि आज त्या तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

पण शोधणाऱ्या प्रत्येक आयरिश माणसाला एका तारखेशी अडखळावं लागतं. ३० जून १९२२. देशात यादवी सुरू होती. डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ इमारतीत स्फोट झाला, आग लागली, आणि तिथल्या सरकारी दप्तरखान्यात साठवलेले सुमारे सातशे वर्षांचे कागद जळाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे तक्ते जवळजवळ सगळे गेले, मृत्युपत्रं गेली, कित्येक चर्चच्या वह्या गेल्या. त्यानंतरच्या चार जनगणनांचे तक्ते तर सरकारनं स्वतःच आधी नष्ट केले होते. उरले ते १९०१ आणि १९११ चे. ते मात्र घरटी आहेत, कुटुंबप्रमुखाच्या सहीसकट, आणि आज कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात. १९११ च्या तक्त्यात तर विवाहित बाईला विचारलं आहे, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यातली जगली किती. आणखी एक सांगतो. त्या आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, आयरिश अभ्यासकांनी जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेल्या नकला गोळा करून जळालेला दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभा करून सर्वांसाठी खुला केला. राख झालेलं दप्तर लोक नकलांवरून शंभर वर्षांनी परत जोडायला बसतात, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आपल्याकडे १८७२ पासून जनगणना आहे, पण घरोघरचे तक्ते कुणी जपले नाहीत. आपण आकडे ठेवले, माणसं टाकून दिली.

तिकडे माझा शोध लगेच थांबला. मडमेचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. नावाशिवाय कुठलं दप्तर उघडणार? मग मी उलट्या बाजूनं निघालो. मडम सापडत नाही, तर दादा शोधू.

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात वालधुनी नदीचं पाणी आमच्या तळमजल्याच्या घरात शिरलं, तेव्हा ही ट्रंक पलंगाखाली होती. आतल्या कागदांचा लगदा झाला. वडिलांचे शाळेचे दाखले, रेशनकार्डं, माझ्या पहिल्या कवितांची वही, सगळं एकमेकांना चिकटून गेलं. त्या वेळी मी वहीसाठी हळहळलो होतो. एकच वस्तू वाचली होती, तिच्याकडे तेव्हा माझं लक्षही गेलं नाही. हातभर लांबीची टिनाची नळी, टोपण घट्ट बसलेलं.

जुने खलाशी आपल्या नोकरीच्या दाखल्याला ‘नल्ली’ म्हणत. दाखला अशा नळीत गुंडाळून ठेवायचा, म्हणून दाखल्यालाच नल्ली नाव पडलं. समुद्राच्या पाण्यापासून कागद वाचवायला केलेली ती युक्ती वालधुनीच्या पाण्यातही उपयोगी पडली. लॉकडाउनच्या दिवसांत, २०२० साली, मी ते टोपण गोडं तेल सोडून उघडलं.

आत दादा होते. नाव, बापाचं नाव, गाव, उंची, डाव्या भुवईवर जखमेची खूण, आणि सहीच्या जागी अंगठा. इंग्रज कारकुनानं आमच्या आडनावाची पार वाट लावली होती, गावाचं नावही अर्धंच. खाली रकाने. बोटीचं नाव, भरती कुठे आणि कधी, सुटका कुठे आणि कधी, हुद्दा, वर्तणूक. वर्तणुकीत सगळीकडे एकच शेरा: व्हेरी गुड.

बोटीचं नाव मुलतान. ही पी अँड ओ कंपनीची वीस हजार टनांहून मोठी प्रवासी बोट. १९२३ साली बांधून झाली, आणि बांधली कुणी? बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कारखान्यानं, ज्यांनी ‘टायटॅनिक’ बांधली त्यांनीच. हे वाचलं आणि मी क्षणभर खूश झालो. बेलफास्ट सापडलं होतं. पण बोट बेलफास्टला बांधली, म्हणून ती बेलफास्टला जात होती असं नव्हे. ती धावे इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया, लंडनहून सुएझमार्गे. त्या वाटेवर आयर्लंड नाही.

मग मी तारखा कागदावर उतरवून काढल्या. सप्टेंबर १९३४ मध्ये दादांची मुंबईत सुटका झाली. एप्रिल १९३५ मध्ये मुंबईतच पुन्हा भरती. पुढची सुटका फेब्रुवारी १९३६. म्हणजे मधले सहा-सात महिने दादा गावी होते.

आता प्रश्न होता फुफीच्या जन्मतारखेचा. तिच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३५ आहे. या तारखेवर विश्वास ठेवायचा नसतो हे तुम्हालाही माहीत आहे. आपल्या देशात निम्मी जनता १ जूनला जन्मली, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच सोयीची होती. खरी तारीख हवी तर गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत पाहायला हवी. पूर्वी गावात जन्म झाला की कोतवाल वर्दी देई आणि नोंद होई. सरकारी भाषेत हा गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात.

ती पानं मिळायला मला वर्षभर खेटे घालावे लागले, ते सांगून तुमचा वेळ घेत नाही. पानं मिळाली आणि नवी अडचण उभी राहिली. ती मोडीत होती. मोडी वाचणारा शोधायचा, तर नेमका काळ २०२३ चा. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली होती आणि राज्यभर जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधणं सुरू होतं. मोडी वाचकांना कधी नव्हे तो भाव आला होता. अख्खा महाराष्ट्र आपला पणजोबा शोधत होता, त्या रांगेत मीही एक. शेवटी एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांनी भिंग लावलं आणि बोट ठेवून वाचलं. आमच्या दादांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, आडनाव, वाडी, जात मुसलमान. पुढे: मुलगी. तारीख २१ जुलै १९३५.

आईच्या नावाचा रकानाच नव्हता. जिनं जन्म दिला तिचं नाव सोडून बाकी सगळं त्या वहीत होतं.

तरी हिशेब लागत होता. २१ जुलै १९३५ ला गावात, आमच्या वाडीत मुलगी जन्मली, तेव्हा दादा समुद्रावर होते. ते परत आले फेब्रुवारी १९३६ मध्ये. मुलगी सात महिन्यांची झाल्यावर. मग तिला बोटीवरून आणलं कुणी? गुरुजींना मी म्हणालो, “समजा, ही गावात जन्मलेली मुलगी वेगळी आणि बोटीवरून आणलेली वेगळी असेल तर?” ते हसले, पण म्हणाले, “शंका रास्त आहे. मग पहिली गेली असली पाहिजे. मृत्यूची पानं पाहू.” आम्ही १९३५ आणि १९३६ ची मृत्यूची पानं ओळ न् ओळ वाचली. आमच्या घरातला एकही मृत्यू नाही. थोरले काका १९३१ चे, वडील १९३८ चे. मधे मुलगी एकच. ती म्हणजे आत चहा ढवळत बसलेली, घाऱ्या डोळ्यांची माझी फुफी.

मग कापडाचं काय? ते बेलफास्टचंच आहे. उत्तर आयर्लंडचं ते शहर लिननसाठी प्रसिद्ध होतं आणि तिथलं कापड जगभर विकलं जाई. गंमत अशी, की लिनन ज्या झाडाच्या सालीतून निघतं ते आपलं जवस. ज्याच्या बियांची आपण चटणी करतो, तेच. दादांनी ते लंडनच्या एखाद्या दुकानात घेतलं असेल किंवा बोटीवर मिळालं असेल, कागद ते सांगत नाही. माझा अंदाज असा. फेब्रुवारी १९३६ मध्ये दादा घरी आले, सात महिन्यांची मुलगी पहिल्यांदा पाहिली आणि बोटीवरून आणलेल्या कापडात तिला गुंडाळून अंगणात मिरवली. पाहणाऱ्यांनी पाहिलं: बोटीवरून आलेला बाप, हातात विलायती कापड, कापडात गोरी, घाऱ्या डोळ्यांची पोर. आणलं होतं कापड. सांगणाऱ्यांनी पुढे पोरही आणलेली करून टाकली.

आणि घारे डोळे? श्रोतेहो, कोकणात घाऱ्या डोळ्यांना आयर्लंड लागत नाही. चित्पावनांत पाहा, आमच्यात पाहा.

मी घरी आलो, फुफीजवळ बसलो आणि चांगल्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. तारखा सांगितल्या, मोडीचा कागद हातात दिला. तिला वाचता येणार नव्हतं, तरी तिनं तो बराच वेळ धरला. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “म्हणजे मला कुणी आणली नाय. मी हितंच होते.” थोडं थांबून म्हणाली, “साठ वर्षं उशीर केलास.”

टोमणे मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सासू गेली, नणंदा गेल्या. निकाल लागला, पण ऐकायला समोरची बाजूच हजर नाही. त्या रात्री तिनं दादीच्या आठवणी काढल्या. दादी तिचे केस विंचरताना गुणगुणायची, तापात उशाशी बसायची. आम्ही त्या कधी ऐकल्या नव्हत्या. मला वाटतं, त्या आठवणी तिनं इतकी वर्षं उसन्या समजून बाजूला ठेवल्या होत्या. आता त्या तिच्या मालकीच्या झाल्या.

माझ्याबद्दल एक सांगतो. मुसलमान असून मराठीत कविता लिहितो, म्हणून मला अनेक ठिकाणी विचारतात, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ आमच्या घरात यावर दोन उत्तरं होती. वडील सांगत, आपण अरब व्यापाऱ्यांचे वंशज, गलबतातून आलो. मुलं सांगत, आपल्यात आयरिश रक्त आहे. दोन्ही उत्तरांत आम्ही समुद्रापलीकडून येत होतो. आमच्यापैकी कुणालाही शेत नांगरणारा, जाळं ओढणारा पूर्वज नको होता. आयरिश आडनावात ‘ओ’ म्हणजे नातू आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा. त्यांचं आडनाव माणसाचं बोट धरतं. आपलं ‘कर’ गावाचं. वराडकर डब्लिनला गेले तरी वराड त्यांच्या नावात राहिलं, आणि त्याच ‘कर’नं संपणारी आडनावं आम्हा कोकणी मुसलमानांतही घरोघर आहेत. अरबांचं खरं-खोटं मला माहीत नाही. पण माझ्या फुफीचा जन्म मराठीत, मोडी अक्षरांत नोंदलेला आहे, हे आता माहीत आहे. मूळचे कुठले, याचं एवढं उत्तर मला पुरतं.

जाता जाता दोन-चार कामाच्या गोष्टी. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहून ठेवा. शाईनं नको, मऊ पेन्सिलीनं. शाळेच्या जनरल रजिस्टरात, जमिनीच्या फेरफारात, कोतवाल बुकात, काझींच्या निकाहाच्या वहीत, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत तुमची माणसं तुमची वाट पाहत आहेत. तुमच्या घरचं कुणी दुसऱ्या महायुद्धात बोटीवर गेलं आणि परत आलं नसेल, तर मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे. समुद्रात गेलेल्या सुमारे सहा हजार हिंदी व्यापारी खलाशांची आठवण ते आणि चितगावचं स्मारक जपतं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत ती नावं घरबसल्याही शोधता येतात.

आणि सगळ्यात आधी, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. वस्तू काढा, ही कुणाची, कुठून आली, विचारा. आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. गोष्ट आणि कागद शेजारी शेजारी ठेवून पाहा. एखाद्यानं जन्मभर वाहिलेलं ओझं त्यात उतरू शकतं. मी साठ वर्षं उशीर केला. तुम्ही करू नका.

ते बेलफास्टचं कापड आता ट्रंकेत नाही. फुफीनं ते धुऊन, घडी घालून आपल्या उशाशी ठेवलं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)